कुंडलची नजर

1936 साली औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी विलायतेला गेले, तेव्हा त्यांचं वय 67 होतं. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या बातमीदार लुईस मॉर्गन त्यांना भेटल्या. संस्थानिक म्हटला की शिकार, हिरे, घोडे असे विषय निघायचे. इथे विषय निघाला तो राजाच्या अंगकाठीचा. हा गृहस्थ रोज पहाटे उठून सूर्यनमस्कार घालतो, त्याची राणीही घालते आणि संस्थानातली शाळकरी पोरंही घालतात, ही हकीकत मॉर्गनबाईंनी लेखमालेतून विलायतेच्या वाचकांपुढे, विशेषतः बायकांपुढे मांडली. 1938 मध्ये त्यातूनच ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये छापून निघालं. सत्तरीला टेकलेल्या माणसाचं कमावलेलं शरीर परक्या देशातल्या लोकांनी निरखून पाहावं, याचा राजेसाहेबांना संकोच वाटला असेल असं काही दिसत नाही. पाहावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता.

औंध संस्थान म्हणजे उणीपुरी 72 गावं, आणि तीही सलग नव्हेत. राजधानी साताऱ्याकडे, आटपाडी माणदेशात, गुणदाळ थेट विजापूरकडे आणि कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात कुंडल. आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा औंधच्या एका पेट्याचं ठाणं होतं. 1910 साली बेळगावातून उठावं लागलेल्या कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांना पंतप्रतिनिधींनी जागा दिली ती इथलीच, कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगानं भरलेली. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. म्हणजे शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा राजाचा फतवा निघाला, तेव्हा कुंडलची पोरंही त्याच्या हुकमतीत होती.

राजेसाहेबांचं व्यायामाचं वेड नमस्कारांपासून सुरू झालेलं नव्हतं. 1897 च्या सुमारास त्यांनी धरला होता तो युजेन सँडोचा मार्ग. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये नाव कमावलेला हा पहिलवान शरीर दाखवण्याच्या धंद्याचा खरा जनक. ताकदीचे खेळ करणारे त्याच्या आधीही होते. सँडोनं ओळखलं की लोकांना उचललेल्या वजनापेक्षा उचलणाराचं अंग बघण्यात जास्त रस आहे. तो टपालानं व्यायाम शिकवायचा. शिष्यानं छाती, दंड, कंबर, मांडी यांची मापं घ्यायची, काही महिन्यांनी पुन्हा घ्यायची, फोटो काढायचा. सँडोच्या मासिकात असे शिष्यांचे फोटो आणि मापं छापून येत. 14 सप्टेंबर 1901 रोजी त्यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. पंचांमध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉईल होते. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो शेजारीशेजारी लावून दाद मागायची आजची रीत त्या शिष्यांच्या ओळखीचीच निघाली असती.

पंतप्रतिनिधींनी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि दहाएक वर्षं तो व्यायाम नेमानं केला. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. साधनं नकोत, जागा हातभर पुरते, घरातल्या बाईमाणसालाही करता येतात. प्रचारकाला याहून काय हवं? राजा स्वतः चित्रकार होता, कीर्तनं करायचा, 1935 मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. लोकांसमोर उभं राहायची कला त्याला अवगत होती. त्यानं पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली, शाळांत नमस्कार सक्तीचे केले. सक्तीचं कौतुक करायला मन धजत नाही. थंडीच्या दिवसांत उघड्या अंगानं नमस्कार घालणाऱ्या पोरांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण एक गोष्ट राजाला नेमकी कळली होती: माणूस एकटा, बंद खोलीत फार दिवस व्यायाम करत नाही. कुणीतरी बघायला लागतं.

अडचण अशी, की कुंडलच्या माणसांची बघायची रीत आधीपासून पक्की होती आणि ती राजाच्या किंवा सँडोच्या पुस्तकातून आलेली नव्हती. ती घडली होती कुस्तीच्या फडात.

जत्रेच्या मैदानात सकाळी नारळ-रेवड्यांच्या कुस्त्या सुरू होतात. लंगोट लावलेली पोरं कडेला बसलेली असतात. पंच एकाला उठवतो, त्याच्या जोडीचा दुसरा शोधतो, दोघांना शेजारी उभं करतो. उंची बघतो, खांदे बघतो, मान बघतो. मग दोघांचे हात धरून त्यांना मैदानाच्या कडेनं फिरवतो, म्हणजे जोड लोकांनीही बघावी. हलगी वाजत असते. गर्दीतून कुणी म्हातारा ओरडतो, ‘‘जोड बराबर न्हाई! त्यो अंगानं लई भरलाय!’’ पंचाला ते ऐकावं लागतं. इथे वजनकाटा नसतो, हजारो डोळे तेवढे असतात, आणि ते किलोदोन किलोचा फरक सहज ओळखतात. कुस्ती मारलेला पोरगा मग त्याच गर्दीतून फिरतो आणि लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. गेल्या जत्रेपासून त्यानं अंग किती धरलं, याची ती पावतीच.

कुंडलचं मैदान महाराष्ट्रातल्या नामांकित मैदानांत गणलं जातं, आणि त्यातून तयार झालेली ही नजर घराघरांत पोचलेली आहे. या नजरेला वाढलेलं अंग कळतं. कमी झालेलं अंगही कळतं, पण ती त्याचा अर्थ वेगळा लावते. शहरातून सुट्टीला आलेला मुलगा मेहनतीनं दहा किलो उतरवून एस.टी.तून उतरला, की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘काय रं, लई वाळलाईस? बरं हाय न्हवं?’’ माहेरी आलेल्या लेकीच्या बाबतीत तर प्रकरण सासरपर्यंत जातं. ‘‘पोरीच्या अंगात काय ऱ्हायलं न्हाई, खायला घालत्यात का न्हाई तिकडं?’’ म्हणजे बारीक होणं ही तिची कमाई न ठरता व्याह्यांवरची तक्रार ठरते.

यात अडाणीपणा शोधायची गरज नाही. या भागाला वाळलेल्या अंगाचा अनुभव मोठा आहे. 1876 ते 78 चा दुष्काळ, 1896 नंतर आलेला प्लेग, 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आणि अगदी आजीआजोबांच्या आठवणीतला 1972 चा दुष्काळ. शेजारच्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी इस्पितळ काढलं आणि पुढे वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. माणूस दिसामासानं उतरू लागला की नातेवाइकांच्या मनात पहिली शंका क्षयाची यायची. त्या काळच्या मराठी मासिकांतल्या जाहिराती चाळल्या तर शक्तिवर्धक आसवं आणि पाक यांचीच गर्दी दिसते. वजन वाढवण्याचं आश्वासन विकलं जात होतं, कारण गिऱ्हाईक त्याचंच होतं.

राजेरजवाड्यांत तर वजन हा मिरवण्याचाच विषय. शिवराज्याभिषेकाच्या वेळी 1674 मध्ये सोन्याची तुला झाली. आगाखानांना 1936 मध्ये मुंबईत सोन्यानं आणि 1946 मध्ये हिऱ्यांनी तोललं गेलं. सातारा-सांगलीकडच्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना पेढेतुला, गूळतुला, वह्यांची तुला अजून होते. पारड्यात बसलेल्या साहेबांचं वजन जितकं जास्त तितके पेढे जास्त, आणि पेढे जितके जास्त तितके कार्यकर्ते खूश! साहेबांनी यंदा आठ किलो कमी केले, म्हणून पेढे कमी लागले, याबद्दल टाळ्या पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

कमी होणाऱ्या वजनाकडे सबंध देशानं श्वास रोखून पाहिलं, असेही प्रसंग आले, पण ते उपोषणाचे. फेब्रुवारी 1943 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी 21 दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची पत्रकं निघत आणि वर्तमानपत्रं ती छापत. नेमक्या त्याच काळात कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारचं, मोठं केंद्र होतं. त्यातले जी. डी. बापू लाड कुंडलचेच. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं शिक्षण इथंच चाले. गाव औंधच्या हद्दीत असल्यामुळे ब्रिटिश पोलिसांना सरळ आत घुसता येत नसे, हा भूमिगतांना मोठा आधार. त्यांना हवं होतं ते सगळ्या जगाच्या उलट: कुणी पाहू नये, पाहिलं तर ओळखू नये.

फडाची नजर चुकतेही, आणि तिची सर्वांत मोठी चूक सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या एका पोराच्या बाबतीत झाली. खाशाबा जाधव कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी कुस्तीसाठी त्यांचं नाव घ्यायलाच नकार दिला, आणि प्राचार्यांनी मध्ये पडून परवानगी दिली, असं त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितलं जातं. गोष्ट पटण्यासारखी आहे. मैदानावर मोठ्या अंगाचा मान मोठा; शेवटची, मानाची कुस्ती धिप्पाड गड्यांची. पण ऑलिंपिकमध्ये मल्लाला आधी काट्यावर उभं करतात. खाशाबा 1948 मध्ये लंडनला 52 किलो गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कराड स्टेशनापासून बैलगाड्यांची रांग लावून त्यांची मिरवणूक निघाली. ज्या अंगकाठीला कॉलेजात कुणी जमेस धरलं नव्हतं, ती पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी झाली.

गादीवरच्या कुस्तीबरोबर वजनकाटा तालमीत आला आणि पैलवानांच्या पोरांना एक नवीनच कसरत शिकावी लागली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन स्वेटर चढवून भर दुपारी धावायचं, पाण्याचा घोट टाळायचा, थुंकी गिळायची नाही, आणि संध्याकाळी काट्यावर उभं राहून सुई कुठे थांबते ते वस्तादासह बघायचं. 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी 100 ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या तालमींतल्या पोरांना हे सविस्तर समजावून सांगावं लागलं नसेल.

बिनपैलवान माणसाला मात्र आपलं वजन आकड्यात कळण्याचा योग बराच काळ एकाच ठिकाणी यायचा: मोठ्या रेल्वे स्टेशनावर. लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं ते उंच यंत्र, काचेआड फिरणारं चाक, नाणं टाकल्यावर होणारा खडखडाट आणि खाली पडणारं पुठ्ठ्याचं छोटं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला बहुधा भविष्य किंवा नटनटीचा फोटो. लोक ते तिकीट खिशात जपून घरी आणत. वजन ही कुणाला तरी दाखवण्याची वस्तू झाली ती अशी, आणि फडातल्या म्हाताऱ्याच्या मताविरुद्ध पुढे करायला पहिला कागद हाती आला तो हा.

मग ऊस वाढला, साखर कारखाने आले. खुद्द कुंडलला बापू लाडांच्या नावाचा ‘क्रांती’ कारखाना उभा आहे. पायी जाणारा माणूस मोटारसायकलवर बसला. ज्या गावांनी साखर पिकवली त्याच गावांत ‘शुगर’ हा रोजच्या बोलण्यातला रोग झाला, हा योगायोग तिथले लोक स्वतःच हसत सांगतात. आता डॉक्टर वजन कमी करायला सांगतो आणि पार अजूनही विचारतो, बरं आहे ना?

या दोघांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला दाद देणारी माणसं वेगळीकडे शोधावी लागली. डॉ. श्रीकांत जिचकारांचा धागा पकडून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदा जेवण आणि 45 मिनिटं चालणं असा साधा कार्यक्रम मराठी गावोगावी नेला. आहारतज्ज्ञांत त्यावर वादही भरपूर झाले. त्या वादात कोण बरोबर, हा वेगळा विषय. पण त्या मोहिमेनं सँडोचीच युक्ती पुन्हा वापरली: सभासदांचे व्हॉट्सॲप गट, त्यावर वजनाचे आणि रक्ततपासणीचे आकडे, पोटाचा घेर, तीन महिन्यांपूर्वीचा फोटो आणि आजचा. आकडा टाकला की खाली अनोळखी माणसांच्या टाळ्या आणि अंगठे येतात. घरात बायको म्हणत असते, ‘‘पँट सैल झाली, आता नवीन घ्यावी लागणार’’, आणि तिलाही ते कौतुकानं म्हणायचं आहे की खर्चाच्या काळजीनं, हे नवऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

दाद कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न गावातल्या तरुणांना पडत नाही. पोलीस भरतीत मुलांच्या छातीचं माप लागतं ते 79 सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर आणखी 5. त्यासाठी पहाटे डांबरी रस्त्यानं पळणारी पोरं कुंडलपासून विट्यापर्यंत कुठेही दिसतात. एकमेकांची छाती तीच टेपनं मोजतात, फुगवून धर म्हणतात, अर्धा सेंटिमीटर कमी भरला तर पुन्हा मोजायला लावतात. तिथं वाळलाईस का असं विचारणारा म्हातारा जवळ आलाच, तर पोरं त्यालाही टेपचं एक टोक धरायला देतात.