कॅरोकीलची हाडे

आयर्लंडच्या वायव्येला स्लायगो परगण्यात ब्रिक्लीव्ह हा चुनखडकाचा डोंगर आहे. त्याच्या कॅरोकील भागात दगडांचे मोठे ढीग दिसतात. दुरून वाटावे, कोणी शेत साफ करून दगड रचले असतील. पण यांतले बरेचसे ढीग आतून पोकळ आहेत. मोठ्या शिळा उभ्या करून केलेली अरुंद वाट आणि तिच्या टोकाला दालन, अशी ही थडगी. एका थडग्याच्या दारावर झरोका आहे. जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा असतो त्या सुमारास मावळतीचे ऊन त्यातून थेट आत जाते.

ही थडगी किती जुनी?

१९११ साली मॅकॅलिस्टर, आर्मस्ट्राँग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ प्रेगर यांनी ती उघडली. आत जळालेली आणि न जळालेली माणसांची हाडे मिळाली. वय मोजण्याची स्वतंत्र पद्धत तेव्हा नव्हती. सापडलेल्या वस्तूंची इतर ठिकाणच्या वस्तूंशी तुलना करूनच अंदाज बांधावा लागे. १९१२च्या अहवालात त्यांनी थडगी कांस्ययुगातली ठरवली. खोदकाम घाईचे होते. कोणते हाड नेमके कुठे पडले होते याच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. ते नुकसान आता भरून येणार नाही.

मात्र हाडे त्यांनी फेकली नाहीत. ती केंब्रिजला, मॅकॅलिस्टर यांच्या शरीरशास्त्रज्ञ वडिलांकडे गेली आणि पुढे तिथेच राहिली.

१९४०च्या दशकाअखेर कार्बन-१४ची पद्धत आली. सजीव मेला की त्याच्या शरीरातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कॅरोकीलच्या हाडांत तो निम्म्याहून थोडा अधिक उरला होता. म्हणजे काळ साधारण इ.स.पूर्व ३५०० ते ३०००. आयर्लंडमध्ये धातू आला इ.स.पूर्व २५००च्या सुमारास. कांस्ययुगाचा अंदाज निदान पाचशे वर्षांनी चुकला होता. ही थडगी नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांची होती.

२०१७ साली याच हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खांदा, कोपर, खुबा, घोटा या सांध्यांपाशी कापल्याच्या खुणा आढळल्या. काही मृतांचे अवयव दफनापूर्वी सुटे केले जात असावेत. २०२० साली डीएनएवरून कळले, की इथल्या काहींचे सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या न्यूग्रेंजच्या थडग्यातील माणसाशी दूरचे नाते होते. ते राजघराणे होते का, यावर अजून वाद आहे.

वर्गात आपण निष्कर्ष बरोबर आला की गुण देतो. कॅरोकीलच्या उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष चुकला, पण तो सुधारता आला, कारण हाडे जपलेली होती. जिथे नोंदच केली नव्हती तिथे आजची उपकरणेही काही करू शकत नाहीत. विद्यार्थ्याने आणलेल्या दगडावर किंवा पानावर ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आहे का, हेही आपण पाहायला हवे. त्याचे उत्तर चुकले तरी ती चिठ्ठी पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.