चौथा रंग

खातेदार मयत झाला, जमीन विकली गेली किंवा सोसायटीचा बोजा फिटला, तरी सातबाऱ्यावरची जुनी नोंद पुसली जात नाही. ती कंसात जाते. गाव नमुना सातमध्ये जुन्या नावाला कंस करायचा आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा, ही हस्तलिखित सातबाऱ्याची रीत. कल्याण तालुक्यातल्या भातशेतीची बिगरशेती होत गेली तसे हे कंस वाढत गेले. एकाच गटावर आजोबा कंसात, त्यांच्या मुलांपैकी दोघे कंसात, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत नातवंडांची नावे बिनकंसाची. तक्त्यातली नोंद चालू की बंद, हे एकाच शाईत सांगण्याची ही युक्ती होती. तिची मर्यादाही उघड होती. मृत्यू, विक्री आणि कर्जफेड या तिन्हींना कंस एकच. कारण हवे असेल तर क्रमांक धरून नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, उघडावी लागे.

हाच कंस हिशेबनीसाच्या टेबलावर वेगळे बोलतो: तिथे कंसातला आकडा म्हणजे उणे. एमआयडीसीची स्थापना 1962 सालची. ठाण्याचे वागळे इस्टेट आणि मागोमाग डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली, त्या काळात कारखान्यांचे अहवाल टंकलेखन यंत्रावर निघत. काळ्या-लाल फितीमुळे दोन अवस्था दाखवता येत. तिसरीसाठी तारांकन, अधोरेखा किंवा शेवटच्या रकान्यातला शेरा. शिवाय लाल अक्षर कार्बन प्रतीवर उतरताना कार्बनचाच रंग घेई. त्यामुळे जिथे प्रती काढायच्या तिथे शेऱ्यावरच भिस्त असे.

मग संगणक आला. अट पूर्ण झाली की सेलने आपोआप रंग बदलावा ही सोय, म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग, एक्सेलमध्ये 97 च्या आवृत्तीपासून मिळाली. पण एका सेलला अटी तीनच. अट लागू नसतानाचे मूळ रूप धरले तर चार अवस्था झाल्या, आणि येणे बाकीच्या साध्या यादीलाच त्या अपुऱ्या पडत. तीस दिवसांपर्यंतची बाकी साधी, साठपर्यंत पिवळी, नव्वदपर्यंत केशरी, एकशेऐंशीपर्यंत लाल. त्यापुढच्या बुडीत वाटणाऱ्या बाकीला चौथा रंग हवा, तो नाही. त्यातही क्रम चुकला की घोटाळा: पहिली खरी ठरलेली अटच लागू होत असल्याने ‘तीसपेक्षा जास्त’ ही अट वर ठेवली, तर दोनशे दिवसांची बाकीही निमूट पिवळी दिसे.

यावर तीन तोडगे रूढ झाले. पहिला आकड्याच्या स्वरूपाचा. नंबर फॉरमॅटमध्येच दोन अटी आणि ‘बाकी सर्व’ असा तिसरा भाग लिहून प्रत्येकाला अक्षराचा रंग देता येई. कंडिशनल फॉरमॅटिंग त्याच्यावर मात करत असल्याने दोन्ही मिळून अक्षराचे सहा रंग निघत. मात्र सेलची पार्श्वभूमी त्यात बदलत नसे, आणि हे चाले फक्त आकड्यांवर. दुसरा तोडगा मॅक्रोचा: सेल बदलला की व्हीबीएतली छोटी आज्ञावली किंमत तपासून रंग भरे, हवे तितके. त्यातली मेख अशी की सूत्राने आलेले उत्तर बदलले तर ‘बदल’ ही घटना घडलीच नाही असे एक्सेल समजे, आणि कालचा रंग आजच्या आकड्यावर तसाच राही. त्यासाठी पुनर्गणनेच्या घटनेवर वेगळी आज्ञावली बसवावी लागे.

तिसरा तोडगा सर्वांत कमी दिमाखाचा आणि बहुधा सर्वांत शहाणा. शेजारी एक जादा रकाना घ्यायचा आणि सूत्राने त्यात अ, ब, क, ड, इ अशी श्रेणी उमटवायची. रंगांची मोजणी साध्या सूत्राने होत नाही, अक्षरांची होते. त्यांवरून क्रमवारी लागते, चाळणी लावता येते. फॅक्सवर किंवा झेरॉक्समध्ये पिवळे-केशरी दोन्ही राखाडी होतात, ‘ड’ मात्र ‘ड’च राहतो.

एक्सेल 2007 ने तीनची मर्यादा काढली; आता अटी संगणकाच्या स्मृतीत मावतील तितक्या. रंगपट्ट्या, चिन्हसंच आले, रंगावरून क्रमवारीही लागू लागली. तरी फाइल जुन्या स्वरूपात साठवली की जुन्या आवृत्तीत तीनच अटी दिसत. तीन अटींची मर्यादा असलेल्या 2003 च्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी थांबला.

सातबारा दरम्यान संगणकावर गेला होता. 2018 पासून तो डिजिटल सहीचा मिळू लागला आणि 2020 मध्ये त्याचा नमुना सुधारण्यात आला. कमी झालेल्या नोंदीचा कंस त्यातही टिकला; भर पडली ती कंसातल्या नावावरून जाणाऱ्या एका आडव्या रेषेची.