एल्चे नगरीचे मरियानाट्य

पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आपण दरवर्षी १५ ऑगस्टला मिस्साबलिदान अर्पून साजरा करतो. स्पेनच्या आग्नेय भागातील एल्चे नगरीत या सणाला नाट्याचीही जोड आहे. पंधराव्या शतकापासून चालत आलेले हे संगीतनाट्य तेथील सांता मरिया बॅसिलिकेत सादर होते. पदे मुख्यत्वे व्हॅलेन्सियन भाषेत असून काही लॅटिनमध्ये आहेत.

१४ ऑगस्टला पहिला अंक होतो. मरियेची भूमिका करणारा मुलगा महाद्वारातून भाविकांमधून चालत मंचाकडे जातो. घुमटाखाली आभाळ रंगविलेले कापड ताणलेले असते. त्यातील दार उघडते, डाळिंबाच्या आकाराचा पाळणा खाली येऊन उमलतो आणि देवदूत मरियेला सोनेरी ताडपर्ण देतो. हे दोर माणसेच हातांनी सोडतात व ओढतात. त्या रात्री नागरिक मेणबत्त्या घेऊन रस्त्यांतून फिरतात. सकाळी मरियेची अंत्ययात्रा त्याच रस्त्यांवरून निघते. दुसऱ्या अंकात दफन, स्वर्गोन्नयन आणि पवित्र त्रैक्याकडून मुकुटधारणा होते. तेवढ्यात संत थोमा धावत येतो व दूर हिंदच्या प्रदेशांत गुंतल्यामुळे उशीर झाला, म्हणून क्षमा मागतो. आपल्या भूमीचा हा उल्लेख वाचून कोणाचे मन हेलावणार नाही?

हे नाट्य सहजासहजी टिकलेले नाही. त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर चर्चमधील नाटकांवर बंधने आली. १६०९ साली नगरसभेने खर्चाची जबाबदारी उचलली आणि १६३२ साली पोप आठवे उर्बन यांनी प्रयोगास अनुज्ञा दिली. १९३६ साली बॅसिलिका जाळण्यात आली व प्रयोग थांबले. यादवी युद्धानंतर नगरवासीयांनी ते पुन्हा सुरू केले. २००१ साली युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला.

पोपमहोदयांच्या अनुज्ञेने नाट्याला संरक्षण दिले. परंतु ते जिवंत ठेवले नगरवासीयांनी. आजही तीनशेहून अधिक स्वयंसेवक त्यासाठी राबतात. गाणारी मुले मोठी होतात, त्यांची जागा नवी मुले घेतात. आपल्या धर्मग्रामांतही नाताळच्या व उपवासकाळाच्या नाटिका होतात. त्यांच्या जुन्या संहिता, चाली आणि जाणती माणसे हाताशी आहेत तोवर पुढच्या पिढीला त्यांच्यापाशी बसविणे, हे काम मात्र आपल्यावाचून कोणी करणार नाही.