धनुष्यांसाठी नव्हे

इंग्लंडमध्ये खेडोपाडीच्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या सोबतीला, यूची अजस्र झाडे उभी असतात. ती तिथे का, याचे ठरलेले उत्तर असे: मध्ययुगात लांब धनुष्यांना यूचे लाकूड लागे, यूचा पाला गुरांना विषारी, म्हणून गुरे शिरणार नाहीत अशा आवारात ती लावली. हे उत्तर ऐकायला पटते, पण पुराव्यापुढे टिकत नाही.

आधी लाकूड पाहू. धनुष्याला माणसाच्या उंचीचा सरळ, बिनगाठी, दाट वलयांचा तुकडा लागतो. तो थंड डोंगरउतारांवर सावकाश वाढलेल्या झाडातून मिळतो. चर्चच्या आवारातला यू मोकळ्यावर पसरतो, खालपासूनच फांद्या फोडतो. त्याचे लाकूड गाठाळ. राज्यकर्त्यांचे वर्तनही हेच सांगते. १४७२ च्या कायद्याने परदेशी माल आणणाऱ्या जहाजांवर दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणण्याची सक्ती केली. १४८४ मध्ये माम्झी मद्याच्या दर पिंपामागे दहा काठ्या मागितल्या गेल्या. गावोगावी साठा उभा असता तर ही सक्ती कशाला?

आता कायदा. पहिल्या एडवर्डच्या काळातल्या १३०७ च्या कायद्याने आवारातली झाडे तोडण्यास पाद्र्याला मनाई केली. मुभा होती ती चर्चच्या दुरुस्तीपुरती. कारणही त्यातच दिले आहे: वादळवाऱ्यापासून चर्चचे रक्षण व्हावे म्हणून अशी झाडे लावलेली असतात. धनुष्याचा उल्लेखही नाही.

कोणी म्हणेल, अडीनडीला एखादी फांदी तोडली नसेल कशावरून? तोडली असेलही. पण क्वचितच्या वापरावरून लावण्यामागचा हेतू सिद्ध होत नाही.

खरे तर इथे दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे: झाड का लावले आणि ते का टिकले. लावण्यामागे आडोसा होता, सदाहरित झाडाविषयीची श्रद्धा होती, पाम रविवारी खजुराच्या झावळ्यांऐवजी यूच्या डहाळ्या वापरण्याची रीत होती. काही झाडे चर्चच्याही आधीची असू शकतील; खोड पोकळ झाले की आतली वलये नष्ट होतात, म्हणून वयाचे ठाम आकडे सांगणाऱ्यांवरही विसंबू नये. टिकण्याचे कारण मात्र एकच: या जमिनीवर नांगर फिरला नाही आणि कुऱ्हाडीला धाक राहिला. सेलबोर्न गावच्या ज्या यूचा घेर निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइटने अठराव्या शतकात २३ फूट नोंदवला, तो १९९० च्या जानेवारीत पडला तो वादळाने, कुऱ्हाडीने नव्हे. या वृक्षांचे श्रेय तिरंदाजांना देणे म्हणजे ते शतकानुशतके न तोडणाऱ्या गावकऱ्यांवर अन्याय करणे होय.