जुन्या कौटुंबिक मोटारगाड्यांच्या लघुप्रतिकृती

जुन्या कौटुंबिक मोटारगाडीची लघुप्रतिकृती म्हणजे एखाद्या कुटुंबाने पूर्वी वापरलेल्या गाडीची, ठरावीक प्रमाणात लहान करून घडवलेली त्रिमितीय प्रतिमा होय. बाजारात मिळणारी खेळण्यातील गाडी एका प्रकारच्या सर्व गाड्यांचे प्रतिनिधित्व करते. कौटुंबिक लघुप्रतिकृती मात्र एकाच विशिष्ट गाडीची असते. तिचा रंग, नोंदणी क्रमांक, टपावरचा कॅरिअर, दारावरचा पोचा हे तपशील त्या घरापुरतेच खरे असतात. त्यामुळे हा छंद हस्तकौशल्य, मोजमाप आणि कौटुंबिक स्मृती या तिन्हींशी जोडलेला आहे.

प्रमाण

लघुप्रतिकृतीचे प्रमाण गुणोत्तराने दर्शवतात. १:२४ याचा अर्थ प्रतिकृतीवरील १ मिलिमीटर हा मूळ गाडीवरील २४ मिलिमीटरांबरोबर असतो. मोटारगाड्यांसाठी १:१८, १:२४, १:४३ आणि १:६४ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. यांपैकी १:४३ हे प्रमाण खेळण्यातील आगगाड्यांच्या 'ओ' मापावरून आले. या मापात मूळ वस्तूच्या एका फुटासाठी ७ मिलिमीटर धरले जात.

मोजणीचा पाया म्हणून पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, म्हणजे आसांतर, घेणे सोयीचे ठरते. प्रीमियर पद्मिनीचे आसांतर २३४० मिलिमीटर होते. ते १:१८ प्रमाणात १३० मिलिमीटर, १:२४ प्रमाणात ९७.५ मिलिमीटर, तर १:४३ प्रमाणात सुमारे ५४ मिलिमीटर भरते. हिंदुस्तान ॲम्बेसेडरचे आसांतर २४६४ मिलिमीटर व मारुती ८०० चे २१७५ मिलिमीटर होते. तिन्ही गाड्या १:२४ प्रमाणात शेजारी ठेवल्यास ॲम्बेसेडर आणि मारुती यांच्या आसांतरात जेमतेम १२ मिलिमीटरांचा फरक उरतो. एकाच संग्रहातील सर्व गाड्या एकाच प्रमाणात असाव्यात, हा संकेत यासाठीच पाळला जातो; अन्यथा लहान गाडी मोठीहून मोठी दिसू शकते.

इतिहास

धातूच्या लहान मोटारगाड्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीच्या छोट्या गाड्या १९३४ पासून 'डिंकी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये काडेपेटीएवढ्या खोक्यात मावणाऱ्या 'मॅचबॉक्स' गाड्या आणल्या. 'कॉर्गी' १९५६ मध्ये, तर अमेरिकेतील 'हॉट व्हील्स' १९६८ मध्ये बाजारात आल्या. या गाड्या प्रामुख्याने जस्ताच्या मिश्रधातूपासून साच्यात ओतून केल्या जात. मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिल्यास कालांतराने तिला भेगा पडून गाडीचा भुगा होतो. म्हणून युद्धपूर्व काळातील सुस्थितीतील नमुने दुर्मीळ आहेत.

अशा गाड्यांत भारतीय रस्त्यांवरील वाहने फारशी नव्हती. पुढे सेंटीसारख्या भारतीय खेळणी उत्पादकांनी ॲम्बेसेडर व मुंबईची काळीपिवळी टॅक्सी यांच्या प्लॅस्टिकच्या आवृत्त्या आणल्या. स्वतःच्या घरची गाडी हवी असणारे छांदिष्ट अशा तयार गाडीत फेरफार करतात किंवा सारी प्रतिकृती मुळापासून घडवतात.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

लहान आकारात जग उभे करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. दिवाळीतील मातीचे किल्ले, भातुकलीची भांडी व पोळ्याचे मातीचे बैल ही तिची परिचित रूपे होत. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून घडवली जात आली आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या ज्वारीच्या प्रदेशात मुले ज्वारीच्या धांड्यांपासून बैलगाडी करीत. धांड्याची साल सोलून आतला मऊ गर कापायचा आणि सालीच्याच टोकदार काड्यांनी भाग जोडायचे, अशी ही रीत होती. तीत खिळा वा डिंक लागत नसे. घरासमोर उभ्या असलेल्या वाहनाची बांधणी न्याहाळून ती हाताशी असलेल्या वस्तूंत उतरवणे हे तत्त्व बैलगाडीत आणि मोटारीच्या लघुप्रतिकृतीत सारखेच आहे. पुण्यात कोथरूड येथे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. वैयक्तिक छंदाला सार्वजनिक रूप मिळाल्याचे ते उदाहरण होय.

कौटुंबिक मोटारगाड्या

स्वातंत्र्यानंतरच्या सुमारे चार दशकांत भारतीय ग्राहकाला मोटारगाड्यांचे मोजकेच पर्याय उपलब्ध होते. उत्तरपाडा येथील हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली होती व तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६० च्या दशकात हेराल्ड आणली. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या तयार होत.

१९५० च्या दशकातील फियाट ११०० या गाडीला तिच्या फुगीर नाकाडामुळे मराठीत 'डुक्कर फियाट' असे नाव पडले. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली. तीच गाडी परवान्याची मुदत संपल्यावर आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. नाव बदलले तरी लोकांच्या बोलण्यात ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते व गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि कौटुंबिक गाडीचे स्वरूप पालटले.

गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागत असल्याने एकदा घेतलेली गाडी दीर्घकाळ घरात राही. बेलापूर–श्रीरामपूरसारख्या प्रवराकाठच्या ऊसपट्ट्यात जीप आणि फियाट ही वाहने शेती, कारखाना, लग्नसमारंभ व देवदर्शन अशा सर्व कामांना जुंपली जात. शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासे, भंडारदरा येथील सहलींची आठवण म्हणूनच अनेकदा गाडीच्या आठवणीशी जोडलेली असते.

घडण

पहिला टप्पा माहिती गोळा करण्याचा असतो. मूळ गाडी विकलेली किंवा मोडीत निघालेली असल्यास छायाचित्र हाच मुख्य आधार उरतो. बरोबर बाजूने घेतलेल्या छायाचित्रात पद्मिनीचे आसांतर ७८ मिलिमीटर भरत असेल, तर छायाचित्रातील प्रत्येक मिलिमीटर गाडीवरील ३० मिलिमीटरांएवढा असतो; १:२४ च्या प्रतिकृतीवर तो १.२५ मिलिमीटर होतो. या हिशेबाने दार, काच, टप यांची मापे काढता येतात. कौटुंबिक छायाचित्रे मात्र बहुधा तिरकी असतात आणि बॉनेटला टेकून उभ्या असलेल्या माणसांनी गाडीचा बराच भाग झाकलेला असतो. अशा वेळी त्याच प्रकारची दुसरी गाडी शोधून मोजावी लागते.

दुसऱ्या टप्प्यात साहित्य निवडले जाते. नवशिक्यांसाठी जाड पुठ्ठा वा सनबोर्ड, त्यानंतर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, सागवान वा पांगारा आणि रेझिन असा क्रम असतो. अलीकडे संगणकावर आराखडा करून त्रिमितीय मुद्रणही केले जाते. बॉडी तयार झाल्यावर लांबी भरून ती ओल्या पॉलिश पेपरने घासतात, प्रायमरचा हात देतात आणि रंगाचे पातळ थर फवारतात. एकाच जाड थराने दारांच्या बारीक फटी बुजतात. त्या बुजल्या की प्रतिकृती खेळण्यासारखी दिसू लागते.

तिसरा टप्पा तपशिलांचा असतो. फियाट ११०० च्या १९५३ सालच्या मूळ रचनेत पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी होती. पद्मिनीची दारे नेहमीसारखी उघडत. पुढची जाळीही काळानुसार बदलत गेली. त्यामुळे गाडीचे वर्ष निश्चित केल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. नोंदणी क्रमांकाचेही तसेच आहे. १९८९ पासून राज्य व कार्यालय दर्शवणारी पद्धत लागू झाली. तीत अहिल्यानगरला 'एमएच १६' आणि श्रीरामपूरला 'एमएच १७' हे संकेतांक मिळाले. त्यापूर्वीच्या गाडीवर 'एमएच १७' लिहिणे कालविसंगत ठरते. पूर्वी खाजगी गाड्यांची पाटी काळी व अक्षरे पांढरी असत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

स्मृतीशी संबंध

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यक्तीची स्मृती समूहाच्या चौकटीत घडते, असे प्रतिपादन केले. कुटुंब हा त्यांच्या मते असाच एक समूह होय. घरच्या गाडीची प्रतिकृती करताना याचा प्रत्यय येतो. ज्याने गाडी चालवली त्याला चोक आणि गिअर आठवतात. मागच्या आसनावर बसलेल्या मुलांना खिडकीची मूठ व तापलेल्या रेक्झिनचा वास आठवतो. डबे बांधून देणाऱ्या आईला डिकीत काय मावत होते ते आठवते. कोणा एकाजवळ पूर्ण गाडी नसते. प्रश्न विचारत, ताडून पाहत ती जुळवावी लागते. घरातील वृद्धांना बोलते करण्याचा हा नैसर्गिक मार्ग ठरतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वार्धक्यातील जीवनाचे सिंहावलोकन ही स्वाभाविक व उपयुक्त प्रक्रिया असल्याचे मांडले. त्यानंतर वृद्धांच्या सेवेत जुन्या वस्तू आणि छायाचित्रे यांच्या साहाय्याने स्मरणरंजन करण्याची पद्धत विकसित झाली.

अचूकतेचा प्रश्न

या छंदात दोन प्रकारची अचूकता संभवते. पहिली कारखान्याची: रंग, जाळी, दिवे हे सारे उत्पादकाने दिले तसे. दुसरी घराची: एका अपघातानंतर बदललेले निराळ्या छटेचे दार, नंतर बसवलेला कॅरिअर, दसऱ्याच्या झेंडूच्या हाराची बॉनेटवर बांधलेली दोरी. स्पर्धा वा प्रदर्शनासाठी पहिली महत्त्वाची मानली जाते. कौटुंबिक प्रतिकृतीत दुसरीला अधिक मोल असते. मात्र आठवण फसवीही असते. सख्ख्या भावंडांना एकाच गाडीचा रंग वेगवेगळा आठवतो आणि कृष्णधवल छायाचित्र त्याचा निवाडा करू शकत नाही. नोंदणीपुस्तिकेत रंगाची नोंद असल्यास ती निर्णायक धरावी. नसल्यास जो पर्याय निवडला तो केवळ स्मरणावर आधारलेला आहे, असे नोंदवून ठेवणे योग्य ठरते.

जतन

मूळ गाड्या वेगाने नाहीशा होत आहेत. खाजगी वाहनाची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते व पुढे ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षीच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांना ऐतिहासिक वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. परंतु सर्वसामान्य घरातील गाडी तोवर क्वचितच टिकते. मुंबईत नोंदवलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. २० वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली.

लघुप्रतिकृती धूळ, ऊन आणि ओलावा यांपासून दूर, काचेच्या पेटीत ठेवतात. रंग उडू नये म्हणून ती खिडकीसमोर ठेवत नाहीत. याहून महत्त्वाची असते ती सोबतची टिपण: गाडीचा प्रकार, वर्ष, क्रमांक, ती कोणी व केव्हा घेतली, कोठे कोठे नेली, कोणाला विकली आणि प्रतिकृतीतील कोणता तपशील कोणाच्या सांगण्यावरून केला. ही माहिती देऊ शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. टिपण नसलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी पुढच्या पिढीच्या दृष्टीने ती कपाटातील आणखी एक खेळणे ठरते. टिपण असेल तर तीच घराच्या इतिहासाचे साधन होते.