काळपीच्या वाटेवरील संवाद

झाशीहून कानपूरकडे जाणारा जुना रस्ता चिरगाव मागे टाकून मोठ या गावी येतो आणि तेथून उरई व काळपी करीत यमुनेच्या काठास लागतो. मोठ हे आज झाशी जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. मराठी कानाला या नावात विहिरीवरील मोट ऐकू येते. पण तो कानाचा खेळ म्हणून सोडून द्यावा. मराठ्यांच्या इतिहासाशी मात्र या गावाचा संबंध खरोखरीचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास राजेंद्रगिरी गोसाव्याने येथे गढी बांधून आसपासचा मुलूख दाबला होता. पेशव्यांचा सुभेदार नारो शंकर याने त्याला तेथून घालवून दिले आणि मोठचा परगणा झाशीच्या अमलाखाली आला. नाशिकच्या पंचवटीत गोदावरीकाठी ज्याचे देवालय आणि त्यावरील घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा नारो शंकर. पुढे नेवाळकर घराण्याच्या हाती ही सुभेदारी गेली, तिचे संस्थान झाले, आणि 1854 साली ते कंपनी सरकारने खालसा केले.

खालसा होण्याची ही हकीकत शाळेतील मुलालाही ठाऊक असते. तिच्याकडे राज्य गेल्याची कथा म्हणून पाहिले जाते व ते योग्यही आहे. परंतु त्या कागदपत्रांतून आणखी एक गोष्ट दिसते. एक बाजू बोलत होती आणि दुसरी बाजू ऐकत नव्हती.

20 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधररावांनी मृत्युशय्येवर पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदर ठेवले. त्या विधीस कंपनीचे अधिकारी मेजर एलिस हजर होते. दुसऱ्या दिवशी महाराज वारले. यानंतर लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांस खलिते पाठविले. त्यांत 1817 च्या तहाचा हवाला होता, शास्त्राचा आधार होता आणि शेजारच्या संस्थानांतील दत्तकांचे दाखले होते. सारांश, राजकीय पत्रव्यवहारात जे जे असावे ते सर्व होते. एलिस यांनी ओर्छाच्या दाखल्याकडे बोट दाखवून त्यांची बाजू उचलूनही धरली. वरिष्ठ अधिकारी मालकम यांनी तर बाईसाहेबांचे चारित्र्य थोर असून झाशीत सर्वांना त्यांच्याविषयी आदर आहे, असे सरकारास कळविले. आणि हे कळवूनही शिफारस केली ती संस्थान खालसा करण्याची! फेब्रुवारी 1854 मध्ये डलहौसी यांनी निर्णय लिहिला. कंपनीच्या दप्तरात बाईसाहेबांविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्यांची स्तुतीही झाली. पण त्यांच्याशी कोणी बोलले नाही. ज्याच्याशी बोलावयाचे ती व्यक्ती तेथे केवळ लेखनाचा विषय होऊन बसली होती.

मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने (1878–1965) नेमका हाच भेद आपल्या चिंतनाच्या मुळाशी ठेवला. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, माणूस जगापुढे दोन रीतींनी उभा राहतो. एका रीतीत समोरचा माणूस ‘तू’ असतो, दुसरीत तो ‘ते’ होतो, म्हणजे मोजण्याची, वापरण्याची, निकालात काढण्याची वस्तू होतो. प्रेमाचाही विचार तो असाच करतो. प्रेम म्हणजे मनात उसळणारी भावना नव्हे. भावना माणसाच्या ठायी असतात, प्रेम मात्र दोघांच्या मध्ये असते. गंमत अशी की, या संवादाच्या आचार्याच्या नशिबीही अनुत्तरित पत्र होते. जर्मनीतील ज्यूंविषयी गांधीजींनी 1938 साली ‘हरिजन’मध्ये लिहिलेल्या लेखाला बुबरने फेब्रुवारी 1939 मध्ये सविस्तर पत्राने उत्तर दिले, त्याचे प्रत्युत्तर आले नाही. संवाद एकट्याच्या इच्छेने घडत नाही, तो असा.

झाशीच्या बाबतीत एक भेट मात्र निराळी ठरली. सिडनीत जन्मलेला जॉन लँग हा वकील कंपनीविरुद्ध लाला ज्योतीप्रसादांचा खटला लढवून नाव मिळवून बसला होता. बाईसाहेबांनी त्याला 1854 मध्ये झाशीस बोलावून घेतले. मध्ये पडदा होता. पडद्याआडून प्रश्न येत होते व इकडून उत्तरे जात होती. लहानग्या दामोदरने पडदा बाजूस सारला तेव्हा क्षणभर लँगला बाईसाहेबांचे दर्शन घडले. लँगने सांगितले की, गव्हर्नर-जनरलच्या हाती आता काही नाही, विलायतेस दाद मागावी आणि तोवर निषेध नोंदवून तनखा घ्यावा. झाशी न देण्याविषयीचे बाईसाहेबांचे प्रसिद्ध उद्गार याच भेटीतले, लँगनेच नोंदलेले. त्याने त्यांना खोटी आशा दाखविली नाही, आणि त्यांनी त्याचा सल्ला केवळ आदरापोटी मान्य केला नाही. पडदा असूनही हे बोलणे समोरासमोरचे होते. त्याचा उपयोग काही झाला नाही, कारण ज्याने ऐकावयाचे तो त्या दालनात नव्हता.

1857 च्या जूनमध्ये झाशीच्या छावणीत उठाव झाला व गोऱ्यांची कत्तल झाली. तेव्हाही बाईसाहेबांनी जबलपूरचे कमिशनर अर्स्किन यांस पत्रे लिहिली आणि त्यांनी तात्पुरता कारभार पाहण्यास सांगितले. पण वरिष्ठांच्या मनात संशय घर करून बसला होता. पुढचे उत्तर आले ते 1858 च्या मार्चमध्ये, सर ह्यू रोझच्या तोफांनी. 4 एप्रिलच्या रात्री बाईसाहेब किल्ल्याबाहेर पडून भांडेरमार्गे काळपीस गेल्या. रोझची फौज महिनाअखेरीस काळपीच्या सडकेने निघाली व 7 मे रोजी कोंचला लढाई झाली.

त्याच मुलखातून एक कोकणस्थ भिक्षुक पायी चालला होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून काका रामभटांसह उत्तरेस आले होते. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेले द्रव्य तेथेच गेले. काळपीच्या वाटेवर एका विहिरीशी ते पाणी शेंदण्याच्या बेतात असताना काही स्वार आले. त्यांत पुरुषी वेषातील, धुळीने भरलेल्या बाईसाहेब होत्या. त्यांनी तहान लागल्याचे सांगितले. आपण ब्राह्मण असल्याचे सांगून गोडसे मडके विहिरीत सोडू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणून त्यांनी ते स्वतः शेंदले आणि ओंजळीने प्यायल्या. मग त्या बोलल्या: आपण अर्ध्या शेर तांदळाच्या धनी, विधवेला या खटाटोपाची गरज काय होती, परंतु धर्माचा अभिमान धरून हे काम अंगीकारले, आणि यश दैवात नव्हते.

गोडसे यांनी हे पुष्कळ वर्षांनी आठवणीतून लिहिले, आणि चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापले. इतिहासकार त्यातील तपशील तपासून घेतात, ते योग्यच आहे. पण या प्रसंगाचे मोल तारखेवर अवलंबून नाही. ना अर्ज होता, ना मागणी. भिक्षुकाकडे देण्यासारखे राज्य नव्हते, राणीकडे देण्यासारखी दक्षिणा उरली नव्हती. डलहौसीपुढे जे मांडता आले नाही, कारण तेथे ते कोणत्याच कलमात बसत नव्हते, ते त्यांनी एका वाटसरूस आपल्या मायबोलीत सांगितले. त्याने मध्ये तोंड न घालता ते ऐकले.

बाईसाहेब घोड्यावर बसून काळपीकडे गेल्या. काळपी मेच्या अखेरीस पडली, आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ त्यांचा अंत झाला. विष्णुभटांनी पुढे गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली, आणि रिकाम्या हातांनी पण ते पाणी न सांडता वरसईस पोहोचून आईवडिलांना त्याने स्नान घातले.