फायबर ब्रॉडबँड, ग्रामीण घरांतील : उचगाव आणि कोल्हापूर परिसर

फायबर ब्रॉडबँड म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने थेट घरापर्यंत आणलेली कायमची इंटरनेट जोडणी. मोबाइलच्या टॉवरवर गर्दी झाली की वेग पडतो. फायबरचा वेग टॉवरवर अवलंबून नसतो, आणि जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेप्रमाणे एक्स्चेंजपासूनच्या प्रत्येक किलोमीटरला तो घटतही नाही. भारतात २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेगाच्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणता येते. फायबरच्या घरगुती योजना ३० एमबीपीएसच्या आसपास सुरू होतात.

उचगाव हे करवीर तालुक्यातील, कोल्हापूर शहराला लागून असलेले गाव (बेळगाव तालुक्यातील उचगाव वेगळे). ते पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. शेजारी गांधीनगरची कापड बाजारपेठ आहे, उत्तरेला शिरोली आणि दक्षिणेला गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती आहेत, आणि येथून हुपरीकडे रस्ता जातो. जनगणनेच्या लेखी ते 'जनगणना शहर' आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या प्रस्तावांत त्याचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आहे. हा दुहेरीपणा प्रस्तुत विषयात महत्त्वाचा आहे. सरकारी योजना ग्रामपंचायती मोजते, खाजगी कंपनी दाट वस्ती आणि बिल भरू शकणारी घरे मोजते. उचगावसारखे गाव दोन्ही हिशेबांत बसते. पन्हाळा, शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या डोंगरातली वाडी पहिल्या हिशेबात कशीबशी येते आणि दुसऱ्यात येतच नाही. म्हणून 'ग्रामीण भागात फायबर पोहोचले' हे विधान वाचताना कोणता ग्रामीण भाग, हे आधी विचारावे लागते.

पूर्वपीठिका. खेड्यांना संगणकाच्या जाळ्यात आणण्याचा देशातला एक आरंभीचा मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. १९९८ मध्ये वारणानगर येथील सहकारी संस्थांना हाताशी धरून केंद्र आणि राज्य सरकारने 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेती, आरोग्य, शिक्षण, बाजारभाव अशी नाना प्रकारची माहिती तेथून मिळावी, असा संकल्प होता. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत तो मुख्यतः साखर कारखान्याच्या कामासाठी : उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल. कारखान्यापर्यंतची खेप वाचत होती, आणि हा फायदा खरा होता. पण संगणक जुने होत गेले, त्यांची देखभाल महाग पडू लागली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील गटाने सात गावांत हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवले, आणि ते स्वस्तात झाले. पुढच्या सगळ्या योजनांनी वारणेचा हा अनुभव समोर ठेवायला हवा होता. यंत्र बसवण्याचा खर्च एकदाच मंजूर करून घेता येतो, ते चालू ठेवण्याची तरतूद मात्र दरवर्षी करावी लागते.

भारतनेट. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याचे लक्ष्य होते. २०१२ मध्ये त्यासाठी भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पैसा दूरसंचार कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतून यायचा होता. पुढे योजनेचे नाव भारतनेट झाले. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र सरकारने आपल्या वाट्याचे काम 'महानेट' या नावाने स्वतःकडे घेतले.

योजनेचा पाया भक्कम होता, पण तिची रेघ ग्रामपंचायतीच्या दारात थांबली. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेला तंतू पंचायतीच्या कार्यालयातील एका पेटीत संपे. तेथून घरोघर जोडणी कोण नेणार, बिल कोण वसूल करणार, तुटलेली तार कोण जोडणार, याचे उत्तर आराखड्यात नव्हते. कार्यालयाला कुलूप लागले किंवा वीज गेली की पेटीही बंद. कागदावर गाव जोडलेले आणि गावकरी मात्र मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर, असे चित्र राज्यात अनेक ठिकाणी दिसले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटने हा दोष मान्य केला, असेच म्हणावे लागेल. १,३९,५७९ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात ग्रामपंचायती वर्तुळाकार मार्गाने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे लक्ष्य आहे, आणि घरापर्यंतचे काम स्थानिक उद्योजकाने उत्पन्नातील वाट्यावर करायचे आहे.

घरापर्यंतची वाट. एक्स्चेंजमधील किंवा केबलचालकाच्या खोलीतील ओएलटी या यंत्रातून एक तंतू निघतो. वाटेत स्प्लिटर नावाची छोटी काचेची विभाजक पेटी त्या प्रकाशाचे आठ, सोळा, बत्तीस भाग करते. प्रत्येक भाग एका घरातल्या ओएनटीपर्यंत, म्हणजे बोलीतल्या 'मोडेम'पर्यंत जातो. प्रचलित जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे अडीच गिगाबिट प्रति सेकंद उतरते वहन त्यावरच्या सगळ्या घरांत वाटले जाते, आणि अंतराची मर्यादा साधारण २० किलोमीटरची असते. ओएलटीपासून घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही. रस्त्यावरची बत्ती गेली तरी फायबर चालू राहतो. घरातला मोडेम मात्र घरच्या विजेवर चालतो. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे, ती सोय येथे नाही. म्हणून भारनियमनाच्या गावात मोडेमसाठी छोटा बॅटरी-बॅकअप लागतोच.

मोडेमवरचा 'लॉस' दिवा लाल झाला की प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. मग जोडकाम करणारा तंत्रज्ञ येतो. तो तारेवरचे आवरण सोलतो. आत निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने रंगवलेले तंतू असतात. हव्या रंगाचा तंतू तो स्पिरिटने पुसतो, क्लीव्हरने काटकोनात कापतो आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन्ही टोके समोरासमोर ठेवतो. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन असते, आणि ज्यातून प्रकाश जातो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. पडद्यावर टोके जुळली की विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. वरून नळी चढवून ती गरम करून बसवतात. हातावर घाम असेल, टोकाला धूळ असेल, वारा असेल तर जोड फसतो आणि पुन्हा कापावे लागते. भर पावसात खांबाखाली छत्री धरून हे काम करणाऱ्या तरुणांवर ही सगळी व्यवस्था उभी आहे, पण सरकारी अहवालांत त्यांच्यासाठी रकाना नसतो.

कोणी आणले. कोल्हापूरच्या परिसरात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, घराच्या भिंतीपर्यंत फायबर नेण्याचे पुष्कळसे काम केबलवाल्यांनी केले. खांब, गल्ल्या, ग्राहक आणि महिन्याच्या वसुलीची सवय त्यांच्याकडे आधीपासून होती. बीएसएनएलनेही आपली भारत फायबर सेवा स्थानिक भागीदारांमार्फत, उत्पन्नात वाटा देऊन, गावोगावी नेली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर व्यावसायिक रूपात आल्यावर दर खाली आले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि कार्यालये घरात आली, तेव्हा शहरालगतच्या गावांत मागणी एकदम वाढली. शहरात नोकरी आणि उपनगरी गावात घर असलेल्या कुटुंबाला, गांधीनगरातल्या व्यापाऱ्याला, हुपरीच्या चांदी कारागिराला ही जोडणी आता विजेच्या मीटरइतकीच गरजेची वाटते.

अडथळे. फायबरचा मोठा शत्रू जेसीबी. महामार्गाचे रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटार, गॅसवाहिनी अशा प्रत्येक खोदाईत तार तुटते, कारण कोणाची तार कुठून गेली आहे याचा नकाशा खोदणाऱ्याच्या हातात नसतो. मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. खोदण्यापूर्वी त्यावर नोंद करावी आणि तारांच्या मालकांना आधी कळवावे, अशी रचना आहे. ठेकेदार ती पाळेल तरच तिचा उपयोग. दुसरा अडथळा पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्येही तीच स्थिती झाली. काचेला पाण्याची भीती नसते, पण ओएलटीची खोली, तिचा वीजपुरवठा आणि रस्त्याकडेच्या पेट्या पाण्यात गेल्या की पूररेषेबाहेरची घरेही तुटतात. ही यंत्रे उंचावर बसवणे कोल्हापूर जिल्ह्यात तरी चैन मानता येणार नाही.

तिसरा अडथळा खांबांवरच्या गुंत्याचा. जमिनीखाली नळी टाकण्याचा खर्च टाळण्यासाठी तारा विजेच्या खांबांवरून ओढल्या जातात. एकाच खांबावर चार सेवादात्यांच्या तारा लोंबतात, आणि उसाची उंच भरलेली ट्रॉली गेली की त्यातली एखादी जाते. ग्रामपंचायतीने एकच सामाईक नळी टाकून ती सर्व सेवादात्यांना भाड्याने दिली, तर रस्ता एकदाच उकरावा लागेल आणि पंचायतीलाही उत्पन्न मिळेल. प्रस्तुत नोंदकाराच्या मते शहरालगतच्या गावांसाठी हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे. वाड्यावस्त्यांना मात्र सरकारी पैशाशिवाय पर्याय नाही, कारण दहा घरांसाठी पाच किलोमीटर तार ओढणारा उद्योजक तोट्यातच जाणार.

गावाला फायबर मिळाला की नाही, हे पंचायतीतल्या पेटीवरून ठरवू नये. किती घरांत जोडणी चालू आहे आणि तुटलेली तार किती तासांत जोडली जाते, हे दोन आकडे प्रत्येक ग्रामसभेत मागावेत, आणि गावातून गेलेल्या तारांचा नकाशा पंचायतीच्या फलकावर लावून घ्यावा.